गंधाराचा आकडा

मला सूर कळत नाही. षड्जाची कंपनं किती, पंचमाची किती, हे आकड्यांत विचारा. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण कुणी गाऊन दाखवलं आणि विचारलं, 'हा कुठला?' तर मी खिडकीबाहेर बघायला लागतो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितले होते, आणि मी ते इमानेइतबारे शेवटच्या इयत्तेपर्यंत केलं.

हे आधीच सांगायचं कारण असं, की लोणावळ्यात अजूनही काही माणसं मला 'कंप्यूटरवर गाणं शिकवणारे' म्हणून ओळखतात. मध्यंतरी एका शाळेत सत्कारही झाला. ओळख करून देणारे म्हणाले, विज्ञान आणि संगीत यांचा असा संगम दुर्मीळ. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या त्या कामाबद्दल लिहा' असं म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी तसा कमी बोलणारा; लिहिणारा तर नाहीच. मग वाटलं, पन्नाशी उलटली, नोकरीतले बरोबरीचे पांगले, आता कुणापासून काय झाकायचं? एका व्यक्तीला मी हे ते काम चालू असतानाच सांगितलं होतं. तेही, खरं म्हणजे, तिनं सांगायला लावलं म्हणून.

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मी पंचिंग विभागात होतो. तेव्हाचा कंप्यूटर म्हणजे एक अख्खा थंडगार हॉल. आपण कळा दाबल्या आणि त्यानं समोर काही दाखवलं, असला प्रकार नव्हता. जे सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगायचं. एका कार्डावर एक ओळ. कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, नंबर लागला की मशीन तो वाचणार, आणि केव्हातरी उत्तराचा कागद बाहेर येणार. भोकं पाडायचं काम माझं. सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून जायचं, दिवसभर भोकं पाडायची, परत यायचं. आईला कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ती सांगायची, कंप्यूटरमध्ये मोठा साहेब आहे. भोकं पाडतो असं सांगणं तिला बरं वाटत नसावं.

आमच्याकडे एक डॉक्टरसाहेब होते, अमेरिकेत काही वर्षं काढून आलेले. तिथून त्यांनी एक भाषा आणली होती. कंप्यूटरला हुकूम द्यायच्या भाषा असतात. बाकीच्या गणिताच्या, ही गाण्याची. बाकीच्या भाषांत लिहिलं की आकडे हाती यायचे, हिच्यात लिहिलं की शेवटी स्पूलच्या टेपवर आवाज हाती यायचा. संस्थेतले शास्त्रज्ञ तिच्यावर घंटांचे आणि भुंग्यांचे आवाज काढून बघत. डॉक्टरसाहेबांच्या डोक्यात वेगळंच होतं. ज्यांनी कंप्यूटर जन्मात पाहिला नाही, पण गाणं ज्यांच्या अंगात आहे, अशांना ही भाषा लिहिता येईल का, हे त्यांना बघायचं होतं.

एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही लोणावळ्याचे ना? तिथं रविवारचा वर्ग घ्या. गाणं येतं का?"

"ऐकतो," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. कान होते, ऐकत होतोच.

आता ही भाषा काय होती ते सांगतो. वाटते तेवढी अवघड नाही. तिचे दोन भाग. पहिल्या भागात वाद्य बांधायचं: त्याचा सूर एकदम उमटतो की हळूहळू, गोड आहे की खरखरीत, विझतो कसा. लाकूड, तार, कातडं काही नाही, सगळं आकड्यांत. दुसऱ्या भागात त्या वाद्यावर वाजवायचे सूर. एका सुराला एक ओळ. त्या ओळीत कुठलं वाद्य, कधी सुरू करायचं, किती वेळ वाजवायचं, किती जोरात, आणि सेकंदाला किती कंपनांचा सूर, एवढंच लिहायचं. मशीनला एवढंच कळतं. पण एवढं फार नीट कळतं. पहिल्या रविवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मशीन आपल्या मनचं काही वाजवत नाही. जे लिहिलं तेच वाजतं.' पुढे हे वाक्य माझ्याच अंगावर आलं.

वर्ग भरायचा नगरपालिकेच्या शाळेत, चित्रकलेच्या खोलीत. मागच्या गल्लीत चिक्कीची भट्टी होती. गूळ कढायला लागला की खोलीभर वास यायचा आणि माझं बोलणं कुणाला ऐकू जायचं नाही. सुरुवातीला पुष्कळ जण आले. मोठ्या रेडिओसारखं काही तरी टेबलावर ठेवलेलं बघायला मिळेल अशी त्यांची समजूत होती. मी आणला होता खडू आणि रकाने आखलेले कागद. दोन-तीन रविवारांत गर्दी ओसरली आणि तीन माणसं उरली.

एक आपटेकाका. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, खंडाळ्याच्या घाटात आयुष्य गेलेलं. घरी रोज तानपुरा लावून गात. मला लहानपणापासून ओळखत, त्यामुळे वर्गातही मला 'अरे मधू' म्हणत. दुसरे तुकाराम मास्तर, वडगावकडच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. आणि तिसऱ्या त्याच शाळेतल्या गायकवाड बाई. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

कामाची रीत अशी: रविवारी पेन्सिलीनं कागदावर ओळी लिहायच्या. मी ते कागद मुंबईला नेऊन कार्डं पाडायची. मशीन मोकळं सापडलं की गठ्ठा चालायचा, मग दुसऱ्या खोलीतलं एक यंत्र त्या आकड्यांचा आवाज करायचं आणि तो टेपवर यायचा. पुढच्या रविवारी टेप वर्गात वाजवायची. म्हणजे आज लिहिलेला सूर ऐकायला आठवडा जायचा. तोवर आपण काय लिहिलंय ते आपल्याच डोक्यात वाजवत बसायचं. मास्तर सांगत, लग्नात वाजवताना सुद्धा त्यांचं लक्ष तिकडेच असायचं.

मास्तरांची पहिली टेप मी लावली तेव्हा काय झालं ते मी विसरणार नाही. त्यांनी वरातीची एक चाल लिहिली होती, चांगली लांबलचक. टेप सुरू झाली, एक प्रचंड 'भॉक' झालं, आणि संपलं. मागच्या गल्लीतल्या भट्टीवरचा माणूस खिडकीतून डोकावून गेला.

"सायेब, ह्ये काय झालं?" मास्तर म्हणाले.

मी त्यांचा कागद बघितला. 'कधी सुरू' या रकान्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्य. मी म्हणालो, मास्तर, तुम्ही सगळे सूर एकाच क्षणाला सुरू केलेत.

"मंग? बँड एकदमच उचलायचा असतोय. एक जरी मागं ऱ्हायला तरी नवरदेवाचा बाप पुढं येतोय."

"मास्तर, तुम्ही अख्खी वरात एका ठोक्यात पोचवलीत," आपटेकाका म्हणाले. "आमच्या रेल्वेला हे कधी जमलं नाही."

काकांची स्वतःची फजिती पुढच्याच रविवारी झाली. त्यांनी भूप लिहिला होता. गार्डच्या शिस्तीनं, एकेका सुराची वेळ चोख. टेप वाजली. सूर एकामागून एक, जिथल्या तिथे आले. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कारण मला दुसरीकडे बघून काही कळणार नव्हतं. काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, सगळं बरोबर आहे पण अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतंय. मास्तरही म्हणाले, व्हय, लटकतंय. शेवटी गायकवाड बाईंच्या लक्षात आलं. तानपुरा नव्हता. कुणीच लिहिला नव्हता. काकांनी नाही, मास्तरांनी नाही, स्वतः बाईंनीही आपल्या कागदावर नाही.

"तानपुरा काय लिहायचा?" काका म्हणाले. "तो असतो."

"तुमच्या घरी असतो काका. मशीनकडे नाही," मी म्हणालो.

सगळं आयुष्य ज्याच्यात बसून गायलं ते कधी गाण्यात मोजलंच नव्हतं, असं काहीसं काका मग म्हणाले. डॉक्टरसाहेबांना मी हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. संस्थेतल्या कुणाच्या हातून ही चूक कधी झाली नव्हती. त्यांच्या कुणाच्या कानात मुळात तानपुरा नव्हताच. त्यानंतर आमच्या प्रत्येक गठ्ठ्याचं पहिलं कार्ड तानपुऱ्याचं असायचं, आरंभापासून अखेरपर्यंत. सुरुवातीच्या रकान्यात शून्य. मास्तर म्हणाले, बघा, शेवटी माझंच शून्य कामाला आलं.

या सगळ्यात मी सूर न कळता निभावलं कसं, हे तुम्हाला वाटेल. सांगतो. मी मोजायला शिकवलं. एक एकतारी आणली, तिची तार तीस इंचांची. मोकळी तार छेडली की सा, तो आम्ही दोनशे चाळीस कंपनांचा धरला. तार जितकी आखूड धरू तितकी कंपनं वाढतात, साध्या भागाकारानं आकडा निघतो. वीस इंचांवर पंचम, तीनशे साठ. चोवीस इंचांवर शुद्ध गंधार, तीनशे. पंचवीसवर कोमल गंधार, दोनशे अठ्ठ्याऐंशी. तुम्हाला हवा तो सूर तारेवर शोधा, फूटपट्टीनं इंच मोजा, भागाकार करा, लिहा. सगळ्यांना हे फार शास्त्रशुद्ध वाटलं. खरी गोष्ट अशी की मला दुसरा इलाजच नव्हता. आणि टेप वाजली की मी आधी तिघांचे चेहरे वाचायचो आणि मग 'हं' म्हणायचो. ते समजत, सर स्वतःचं मत लादत नाहीत.

आता गायकवाड बाई. मूळच्या सुदुंबऱ्याच्या. आईवडील भाताच्या खाचरांत राबलेले. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा बाई शाळेत होत्या, आणि शिकत राहिल्या त्या शिक्षिका होऊनच थांबल्या. गाणं आईकडून आलेलं. मावळात भाताची आवणी चालते, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावायची, तेव्हा बायका ओळीनं वाकून गातात. एक जण गाणं उचलते, बाकीच्या धरतात. सुदुंबऱ्यात ते उचलण्याचा मान बाईंच्या आईचा, आणि पुढे बाईंचा. नोकरी लागल्यावरही त्या आवणीला रजा काढून जायच्या. मग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशनात गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. राहिली नुसती कुजबूज. त्यांच्या वर्गातली मुलं सगळ्या शाळेत शांत; बाईंचं ऐकू यावं म्हणून श्वाससुद्धा बेतानं घ्यायची.

एका रविवारी सगळे गेल्यावर बाई थांबल्या. त्यांना आवणीचं ते गाणं लिहायचं होतं, त्या जी वळणं घेऊन म्हणत तसं. शब्द मशीनला म्हणता येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. चाल हवी होती. मी म्हणालो, एवढ्यासाठी कशाला, मास्तर क्लॅरिनेटवर वाजवतील की.

"मास्तर वाजवतील ते मास्तरांचं होईल," बाई म्हणाल्या. "माझ्या डोक्यात वाजतंय ते मला एकदा बाहेर ऐकायचंय. तेवढंच."

मग त्यांनी त्या गाण्याचं मर्म सांगितलं. कडव्याच्या शेवटी गंधारावर थांबायचं असतं. तो गंधार आला की शेतातल्या सगळ्या बायका एकदम पाठ सरळ करतात. कुणी सांगत नाही, हाक घालत नाही. सूर लांबतो तेवढाच विसावा. तो संपला की पुन्हा वाकायचं. "तो सूर नीट लागला नाही ना सर, तर पाठी वर येत नाहीत," त्या म्हणाल्या. मी 'हं' म्हणालो.

त्या गाण्यावर बाई कित्येक रविवार बसल्या. वाद्य त्यांनी असं बांधलं की सूर फुंकर घातल्यासारखा हळू उमटे. तानपुरा लिहिला. एकतारी घरी नेऊन एकेक सूर तारेवर शोधला. शेवटी कागद माझ्या हातात दिले तेव्हा त्यांच्या बोटांना तारेचे वळ होते.

पंचिंगच्या खोलीत मी ते कागद समोर घेतले आणि गंधाराच्या ओळीवर अडकलो. आकडा होता दोनशे चौऱ्याण्णव. शेजारी त्यांनी बारीक अक्षरात इंच लिहिले होते, साडेचोवीस. माझ्याजवळ छापील तक्ता होता. त्यात कोमल होता, शुद्ध होता. दोनशे चौऱ्याण्णव नव्हता. मला वाटलं, बाईंची फूटपट्टी अर्धा इंच सरकली. चांगल्या शिक्षकानं विद्यार्थ्याची चूक पोटात घालावी तशी मी घातली. जिथे जिथे तो आकडा होता तिथे तीनशे पाडला.

विचारायला हवं होतं. एक रविवार थांबून विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर बाईंनी एकतारी पुढे ओढून तार दाबली असती आणि म्हटलं असतं, हा बघा, असा. मग मला ऐकावं लागलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी मुकाट्यानं तीनशे पाडला.

टेप वर्गात वाजली. आपटेकाका म्हणाले, "वा, काय स्वच्छ आहे." मी चेहरे वाचायला गेलो, पण बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. टेप संपल्यावर त्यांनी छान झालं म्हटलं, माझे आभार मानले आणि कागद पिशवीत घालून गेल्या. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्याच सुमाराला डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, की संस्थेचं मशीन बदलणार. नवं मोठं येतंय. त्याच्याशी आपलं आवाज करायचं यंत्र जुळत नाही. साहेब स्वतःही परत अमेरिकेला निघाले होते. थोडक्यात, कुणाचं काही राहिलं असेल तर एकदाच, शेवटचं. मी वर्गात हे सांगितलं. काका म्हणाले, बाईंचं एक झालंय ते बरं झालं. मास्तर क्लॅरिनेटची जीभ पुसत बसले होते. ते म्हणाले, "बाईंचं कुटं झालंय? त्यो 'ग' हितला न्हाई, सायेब. आवणीचा न्हाई त्यो. शाळंतल्या पेटीचा हाय."

मी तसाच उठून भांगरवाडीत बाईंच्या घरी गेलो. दार उघडं होतं. बाई वह्या तपासत होत्या. एकतारी भिंतीला टेकवलेली, तिची तार उतरवून ठेवलेली. त्यांनी चहा केला. मी विचारलं, येत का नाही वर्गाला.

"काय करायचं येऊन?" बाई म्हणाल्या. "गळा गेला तेव्हा मनाची समजूत घातली होती, की कान तरी आहे. आता कळलं, तोही नाही. साडेचोवीस इंचांवर मला जो सूर ऐकू येत होता तो तिथं नव्हताच. मीच मनात काहीतरी धरून बसले होते."

हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी कप खाली ठेवला. आणि तरी माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हे: "मशीनचं काहीतरी झालं असेल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मशीन आपल्या मनचं काही वाजवत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलं होतंत."

बाहेरून एक मालगाडी गेली. लांबलचक होती. ती संपेपर्यंत मला वेळ होता, आणि ती संपली.

"मी बदलला," मी म्हणालो. "आकडा. तक्त्यात नव्हता म्हणून."

"पण टेप ऐकून नाही कळलं तुम्हाला?"

"मला सूर कळत नाही बाई. कुठलाच नाही."

मी रागाची वाट बघत होतो. बाईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. आवाज गेलेल्या माणसाचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. नुसता श्वास आणि डोळ्यांतून पाणी. "म्हणजे कान आहे माझा," त्या म्हणाल्या. मग पदरानं डोळे पुसत, "आणि आम्ही तुमच्या 'हं'कडे जीव टांगून बसायचो!"

त्यांनी मला तिथल्या तिथे माफ केलं. पण मधल्या त्या दिवसांत, एकतारीची तार उतरवून ठेवताना त्यांना काय वाटलं असेल, ते माझ्या मनातून जात नाही. गळा गेल्यावर एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे राहिली होती, आणि माझी लाज झाकायला मी ती थोड्या दिवसांपुरती त्यांच्याकडून काढून घेतली. आजही कुणी सत्काराचं नाव काढलं की मला ती उतरवलेली तार दिसते.

मी त्यांना सांगितलं की आता एकदाच संधी आहे. बाई म्हणाल्या, चालेल, पण या वेळी कार्डं मी बघणार. मी डॉक्टरसाहेबांची परवानगी काढली. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी बाई माझ्याबरोबर मुंबईला आल्या आणि पंचिंगच्या खोलीत माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. कार्डाच्या वरच्या कडेला ओळ छापून येते, ती त्या वाचायच्या, मग कार्ड उजेडासमोर धरून भोकंही बघायच्या. भोकांवरून त्यांना काही कळत नव्हतं, पण माझ्यावर भरवसा किती ठेवायचा ते त्यांनी ठरवलं होतं. दोनशे चौऱ्याण्णव पाडताना मी प्रत्येक वेळी तोंडानं म्हणायचो. साहेबांनी स्वतःसाठी राखलेला वेळ आम्हाला दिला. मशीनच्या हॉलमध्ये बाई शाल पांघरून उभ्या होत्या. गठ्ठा वाचून झाला, टेप तयार झाली, साहेब म्हणाले, ऐकू या? बाईंनी मान हलवली. इथं नको, सुदुंबऱ्यात.

तर आम्ही सुदुंबऱ्याला गेलो. तळेगावपर्यंत लोकल, पुढे एस. टी. आपटेकाकांनी गाड्यांच्या वेळा काढल्या होत्या. टेपरेकॉर्डर चांगला जड होता. मास्तरांनी तो खांद्यावर घेतला आणि म्हणाले, बँडमधला मोठा ढोल उचलायची सवय हाय, ह्ये काय न्हाई. बाईंच्या आईचं घर वस्तीच्या कडेला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सारवलेली जमीन. आई म्हातारी झाली होती, डोळ्यांनी कमी दिसायचं. लेकीनं काहीतरी ऐकवायला आणलंय म्हटल्यावर जुन्या आवणीवाल्या पाच-सहा जणी येऊन भिंतीला टेकून बसल्या. वयं झालेली, पाठी वाकलेल्या.

बाईंनी कुणाला काही न सांगता आधी पहिली टेप लावली. माझी. तीनशेवाली. मी ओळखली, अर्थात वर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून. बायकांनी कौतुकानं ऐकली. एकीनं विचारलं, "रेडूवरचं हाय व्हय?" दुसरीनं आईला सांगितलं, पाव्हण्यांना च्या ठेव. आई म्हणाली, "आपल्या गान्यावानी हाय. पर लय लांबचं."

मग बाईंनी दुसरी टेप लावली.

तानपुरा सुरू झाला. त्यावर ती फुंकरीसारखी चाल. मला दोन्ही टेपांत तेव्हा फरक कळला नाही, आजही कळणार नाही. मी सवयीनं चेहरे बघायला लागलो. आईनं मान कलती केली होती. मास्तरांचा एक हात हवेत थांबला होता. चाल फिरत फिरत कडव्याच्या शेवटी आली, आणि तो सूर लागला. लांबला. आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्या म्हाताऱ्या, एकमेकींकडे न बघता, एकदम सरळ झाल्या. पाठी भिंतीपासून सुटल्या. एकीचा हात आपोआप कमरेवर गेला. आईचीसुद्धा पाठ वर आली, न दिसणारे डोळे समोर लांब कुठंतरी लागले. सूर लांबला तोवर सगळ्या तशाच बसून राहिल्या. मग तो संपला आणि पुढच्या ओळीबरोबर त्या पुन्हा हलकेच वाकल्या.

"कोन उचलतीया गं ह्ये?" आईनं विचारलं.

बाईंनी तिचा हात घेतला आणि आपल्या गळ्यावर, ऑपरेशनच्या व्रणावर ठेवला. हात तिनं तिथंच राहू दिला.

दुसरं कडवं चाललं होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ऐकलंत का, असं त्यांनी विचारलं नाही.

"दिसलं?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. तेवढ्यात पुन्हा तो गंधार आला, आणि खोलीतल्या सगळ्या पाठी पुन्हा वर आल्या.